कै. लिहायचं की श्री.

माझी नात अंकिता हिचं लग्न ठरलं ते साल २००४. त्याच साली ही गोष्ट घडली, आणि ती घडली लग्नपत्रिकेपायी.

सांगलीत छापखानेवाल्यासमोर आम्ही मजकूर घेऊन बसलो होतो. पत्रिकेत पणजोबांचं नाव वर घालायची आमच्यात रीत आहे. छापखानेवाल्यानं पेन उचललं आणि विचारलं, "गुंडा रामा शेडगे. कै. लिहू का श्री.?"

साठ वर्षांचा मी माणूस, पण मला ते माहीत नव्हतं.

गुंडा म्हणजे माझे वडील. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. लग्नासाठी रजेवर आले, दीड महिना राहिले आणि परत गेले. तेव्हा मी आईच्या पोटात होतो. आधी एकदोन पत्रं आली, मग काहीच नाही. ते पडल्याचं कोणी सांगितलं नाही आणि ते परतही आले नाहीत. माझी आई बनुबाई तेव्हा सोळा वर्षांची होती. तिनं कुंकू पुसलं नाही. मी कर्ता झालो, पण तिनं मला बापाच्या नावानं कधी पाणी सोडू दिलं नाही. "जित्या माणसाला घास घालतोस व्हय रं?" म्हणायची.

आमचं मूळ गाव जांभुळघळ, पाटणच्या वरच्या खोऱ्यात. कोयनेचं धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं आणि आम्हाला तासगावच्या बाजूला जमीन मिळाली. सगळं गाव ट्रकात चढलं. आई मात्र आधी पाटणला उतरली. स्टँडावरच्या चहावाल्याला आमचा नवा पत्ता तिनं दोनदा पाठ करायला लावला. "आमची मानसं आली तर हितं पाठीव," म्हणाली. मानसं म्हणजे माझे वडील. पुढं तो चहावाला वारला, तर त्याच्या पोराला पत्ता सांगायला ती पुन्हा जाऊन आली.

म्हणून छापखान्यात माझं अडलं. श्री. लिहिलं तर पाव्हणे हसणार, आणि कै. लिहिलं तर आईच्या हातात पत्रिका कशी द्यायची?

अंकिता म्हणाली, "आबा, आठ दिवस थांबू या. ह्यांना विचारते."

हे म्हणजे तिचा नवरा मुलगा, धैर्यशील. पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. रविवारी तो आला आणि ओट्यावर बसून सांगायला लागला. परदेशात एक कंपनी आहे. इंटरनेटवर तिच्याकडं आपण प्रश्न टाकायचा आणि त्याच्या उत्तराला काय देणार तेही लिहायचं. तिथं शोध घेणारी माणसं बसलेली असतात, कोणी ग्रंथालयात काम केलेलं, कोणी मास्तर. ज्याला वाटतं आपल्याला जमेल, तो प्रश्न उचलतो. उत्तर पटलं नाही तर पैसे परत.

आई उंबऱ्यात लसूण सोलत होती. तिथनंच म्हणाली, "जावईबापू, पैसं घिऊन सांगनारं जोतिषी औंधाच्या जत्रंत बी बसत्यात की. मला धा जनांनी सांगितलंय, उगवतीला हाय, मावळतीला हाय. त्यासनी बी इच्यारून बगा, सस्त्यात पडंल."

"आज्जी, हे ज्योतिषी नव्हेत. कागद बघून सांगतात."

"कागद बगून सांगनारा तर तलाठी बी हाय. त्यानं माजी दीड एकर दुसऱ्याच्या नावावर लावलीया."

सगळे हसले, तीसुद्धा हसली. पण नंतर धैर्यशीलला जवळ बोलावून तिनं विचारलं, "त्या मानसांना काय काय सांगावं लागतं?"

आम्ही जे माहीत होतं ते सांगितलं. नाव, बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव, तालुका, मराठा पलटण, इटलीतनं आलेलं शेवटचं पत्र. अंकितानं ते इंग्रजीत केलं. उत्तराला पंचवीस डॉलर ठेवले. ते धैर्यशीलच्या कार्डावरनं गेले आणि त्यानं ते माझ्याकडनं कधी घेतले नाहीत.

चौथ्या दिवशी अंकिता सांगलीच्या सायबर कॅफेतून घाईनं घरी आली. हातात छापलेले तीन कागद. मी शेहेचाळिसाव्या वर्षी साक्षरता वर्गात अक्षरं शिकलो, तीही मराठी. त्यामुळं तिनं एसटीत बसूनच मागच्या बाजूला मराठी करून आणलं होतं. मी चष्मा लावला आणि आईच्या पुढ्यात बसून मोठ्यानं वाचायला लागलो.

उत्तर एका बाईनं पाठवलं होतं. ती कुठल्याशा बर्फाच्या गावात राहते एवढंच लिहिलं होतं. खरं नाव नव्हतं, खाली एका पक्ष्याचं नाव टाकलं होतं. तिनं लिहिलं होतं:

'तुमचं गाव मला आजच्या नकाशात सापडलं नाही. म्हणून मी एकोणीसशे तीस सालचा नकाशा मिळवला. त्यात ते आहे. नदीच्या काठाला, डोंगराच्या पायाशी, देवळाची खूणसुद्धा आहे.'

ती ओळ मी पुन्हा वाचली. जे गाव आमच्या डोळ्यांदेखत बुडालं, ज्याचा दगडसुद्धा आमच्याकडं राहिला नाही, ते ह्या बाईनं बर्फात बसून वर काढलं होतं. देवळासकट.

"म्होरं वाच की रं," आई म्हणाली.

'इटलीत पडलेल्या हिंदुस्थानी शिपायांच्या याद्या मी पाहिल्या. गुंडा शेडगे नावाचा शिपाई कुठंही नाही. पण तुमच्या गावचा एक शिपाई यादीत आहे. बापाचं नाव रामा, गाव जांभुळघळ, तालुका पाटण. त्याचं स्वतःचं नाव मात्र दादासो शेडगे. मी तुम्हाला एक विचारते. तुमचे वडील दुसऱ्याच्या नावानं भरती झाले असतील का? असं विचारायला कारण आहे, ते शेवटी लिहिलं आहे.'

दादासो म्हणजे माझे थोरले चुलते. ते कधी पलटणीत गेले नव्हते. त्यांनीच मला वाढवलं. एकोणऐंशी साली ते आमच्या ह्याच घरात वारले.

आई एकदम हसायला लागली. "आगं बया! ह्या बाईनं बी तीच चूक केली की!"

"कुठली चूक?" अंकितानं विचारलं.

"तुला ठावं न्हाई व्हय? आगं, तुजा आबा, ह्यो हऱ्या, दोन म्हैन्याचा आसंल. पोस्टमन आला सरकारी कागद घिऊन. पारावर वाचून दावला. म्हनं, दादासो रामा शेडगे लडाईत पडला. आनि भावजी तितंच म्हसरं घिऊन हुबं! सगळा गाव हसून बेजार. कोन म्हनतंय, दादासो, तुजं मडं हुबं ऱ्हाईलंय बग. कोन म्हनतंय, तेराव्याला जेवाय बोलीव. पोस्टमन बी हसला. सरकारची चूक म्हनून कागद माघारी धाडला. म्या बी पदर तोंडाला लावून हसली. समदी हसली, येक भावजी तेवडं..."

ती थांबली.

दाखवायला तोंडाला लावलेला पदर तिनं खाली घेतला.

आई म्हणाली, "येक भावजी तेवडं हसलं न्हाईत. म्हसरं तितंच सोडून घरात आलं. सासरं बी आलं. दोगांनी आतनं कडी लावली. म्या म्हनलं, जिता आसून मेल्याचा कागद आला, जिवाला लागलं आसंल."

मग तिनं एकेक धागा स्वतःच लावला. वडील भरती झाले तेव्हा सोळा वर्षांचे, अजून लग्न व्हायचं होतं. वय बसत नव्हतं म्हणून थोरल्या भावाचं नाव सांगितलं असणार. मनिऑर्डर सासऱ्याच्या नावानं यायची. तिच्यावर पाठवणाऱ्याचं नाव काय आहे हे घरातल्या बायकांना कोण दाखवणार? ती तर नंतर लग्न होऊन आलेली. बापलेकाला सगळं ठाऊक होतं. बोलले असते तर दोन महिन्यांचं पोर मांडीवर असलेल्या पोरीचं कुंकू त्याच सांजेला गेलं असतं. त्या दिवशी बोलले नाहीत, मग दुसऱ्या दिवशी बोलणं अवघड झालं, आणि वर्षानं तर ते अशक्यच झालं असणार.

"भावजी," आई भिंतीकडं बघून म्हणाली, "लय मोटं पाप केलंसा." मग म्हणाली, "का पुण्य केलंसा, मला कळंना."

मी म्हणालो, "आई, खरंच तेच हायत कशावरनं? शेडगे काय येकटं हुतं गावात?"

अंकितानं माझ्या हातातला कागद घेतला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मी वाचलं:

'यादीत त्या शिपायाच्या नावापुढं बायकोचं नाव दिलं आहे. बनुबाई.'

चुलतीचं नाव रंगुबाई होतं. सगळ्या जांभुळघळीत बनुबाई एकच.

आई म्हणाली, "कुटं हाय? दाव." तिला अक्षर येत नव्हतं. मी इंग्रजी कागद तिच्यापुढं धरला आणि अंकितानं तिचं बोट त्या नावावर नेऊन ठेवलं. आई तेवढ्या जागेवरनं बोट फिरवत राहिली. जगाच्या दुसऱ्या टोकाला एका वहीत आपलं नाव साठ वर्षं लिहून ठेवलेलं आहे, आणि आपण इथं पाटणच्या चहावाल्याला पत्ता पाठ करायला लावत होतो, हे तिच्या तोंडावर सरळ दिसत होतं. मी देव पाहिलेला नाही. पण त्या दिवशी आईच्या तोंडाकडं मला बघवेना.

"त्येचं नाव खोटं," ती म्हणाली, "पर माजं खरं सांगितलं बग त्येनं."

तिनं रडून घेतलं, फार नाही. कुंकवाचं काय करायचं हे तिला विचारायची कोणाची छाती झाली नाही. तिनंच सांगितलं, "हे म्या पुसनार न्हाई. पुसायचं ते साल कवाच गेलं. पत्रिकेत मात्र कै. लिवा. आनि हऱ्या, कागदावरल्या तारकंची तिती भटजीकडनं बगून घे. यंदापास्नं बापाला पानी सोड."

मग अंकिताला हळूच म्हणाली, "त्या बाईला आनकी येक इच्यारतीस?"

"काय विचारू, आज्जी?"

"तितं थंडी लय आसती का, म्हनावं. त्येच्याकडं घोंगडं न्हवतं. जाताना हितंच ऱ्हाईलं."

अंकितानं तेवढंच लिहून पाठवलं. त्यासाठी वेगळे पैसे ठेवायला लागतील असं धैर्यशील म्हणाला होता. बाईनं काही घेतलं नाही. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. 'थंडी नव्हती. ते पडले त्या आठवड्याचं हवामान मी पाहिलं. दिवस उन्हाचे होते. सप्टेंबरात तिथल्या डोंगराच्या उतारावर द्राक्षं तोडायला येतात.'

मी ते वाचून दाखवलं. आमच्या भोवतीनंही सगळ्या द्राक्षाच्याच बागा. आई दारातनं बाहेर बघत बसली.

"मग हितल्यासारकंच की," म्हणाली.

माझे वडील गुंडा रामा शेडगे १३ सप्टेंबर १९४४ रोजी इटलीत, दादासो शेडगे या नावानं, लढाईत वारले. माझी आई बनुबाई गुंडा शेडगे ९ फेब्रुवारी २००७ रोजी घरी वारली.