एका डब्यात दोन बिऱ्हाडं

माझ्या बदलीचं पत्र मीच टाइप केलं.

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये टायपिस्ट आहे. डॉक्टर लोक रेकॉर्डरमध्ये बोलतात, मी ऐकून टाइप करतो. पायाखाली पेडल असतं. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, टाचेनं दाबलं की मागे. हाडांचे डॉक्टर सतत काहीतरी चघळत बोलतात. कानाचे डॉक्टर ओरडून बोलतात, त्यांना सगळं जग पेशंट वाटतं. मला जन्मापासून दिसत नाही, पण या सगळ्यांना मी इतका ओळखतो, की कुणाचं काल घरी वाजलंय तेसुद्धा सांगेन.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे हॉस्पिटलचा सगळा कारभार बघणाऱ्या, त्यासुद्धा आपली पत्रं अशीच बोलून पाठवतात. मंगळवारी अकरा पत्रं आली. सातवं माझं.

‘सदर कर्मचारी दृष्टिहीन असल्याने नवीन प्रणालीवर काम करण्यास असमर्थ असून, त्यांची नेमणूक चौकशी खिडकीवर दूरध्वनीसाठी करण्यात येत आहे.’

बाईंनी नेहमीच्या सवयीनं घडाघडा अकरा पत्रं बोलून टाकली. ती टाइप कोण करणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मी ते पत्र नीट टाइप केलं. एक वाक्य लंगडत होतं, ते सरळ केलं. खाली सहीची जागा सोडली, प्रिंट काढली आणि स्वतः घेऊन गेलो.

“बाई, माझं पत्र झालंय. सही तेवढी राहिलीय.”

कागद सरकल्याचा आवाज आला.

“हे... तुम्ही टाइप केलंत?”

“दुसरं कोण आहे? शेवटचंच म्हणून जरा मन लावून केलं.”

“हे बघा, माझा नाइलाज आहे. आधी तुम्ही दिवसाला साठ पानं करायचात. महिना झाला, पंधराच्या वर जात नाही.”

“माझा वेग तोच आहे, बाई. मशीन लंगडं झालंय.”

त्या लंगडेपणाचे मानकरी तिथेच बसले होते. आमच्या कॉम्प्युटर खात्याचा माणूस. मी त्याला रीस्टार्ट म्हणतो, कारण प्रिंटर अडला, नेट गेलं, कुणाला शिंक आली, तरी त्याचं औषध एकच, “रीस्टार्ट करून बघा.” मी त्याच्यापेक्षा जेमतेम पंधरा वर्षांनी मोठा, पण तो मला काका म्हणतो. महिन्यापूर्वी यानंच माझ्या मशीनवर नवी सिस्टिम चढवली, कारण हॉस्पिटलचा नवा प्रोग्राम तिच्यावरच चालतो. त्या सिस्टिमला माझं पेडल ओळखता येईना. मशीन मला ज्या आवाजात स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवायचं, तो माझा आवाजही गेला. जो नवा आला तो असा, की एक ओळ वाचेपर्यंत माणसाची डुलकी काढून होईल.

“सोपं आहे,” मी म्हणालो. “नवी सिस्टिम राहू द्या. तिच्या शेजारी मी माझी फुकटातली सिस्टिम घालतो. तिच्यावर माझं पेडल चालतं, माझा आवाज चालतो. एका डब्यात दोन बिऱ्हाडं. टायपिंग माझ्या घरात, हॉस्पिटलचा प्रोग्राम तुमच्या घरात.”

“काका,” रीस्टार्ट हसला, “तसं होतं, पण त्याला स्क्रीन बघणारं कुणीतरी लागतं. मशीन सुरू होताना जो मेनू येतो तो बोलत नाही. आमच्या खात्याला एवढा वेळ नाही.”

“तुझ्या खात्याकडे मागितला कुणी? मी एकटा करतो. कुणाचे डोळे नकोत.”

बाईंनी पत्र टेबलावर ठेवलं. “शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. पण त्या मशीनवर पाच वर्षांचे अहवाल आहेत. ऑफिसची एकही फाइल जाता कामा नये. गेली, तर मी या पत्रावर सही करणार.”

अहवालांची नक्कल कुठेतरी असेलच. कुठे ते रीस्टार्टला ठाऊक असणार, म्हणजे तिच्यावर भरवसा ठेवून चालणार नव्हतं.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, हट्ट कशाला? मी शुक्रवारी अर्धी रजा टाकते. शेजारी बसून वाचून दाखवते.”

“मग खुर्चीपण तुझीच होईल.”

“म्हणजे टेलिफोनवर बसायला तयार, पण बायकोचं ऐकायला नाही.”

“टेलिफोन वाईट नाही गं. पण मी मागून घेतला तर. माझं काम येत नाही म्हणून कुणी दिला, तर तो मी त्यांच्या डोक्यात घालीन.”

तिनं घरचं जुनं मशीन टेबलावर आणून आदळलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार मी त्याच्यावर सराव केला. सहा वेळा दोन बिऱ्हाडं वसवली. त्यातल्या दोन वेळा सगळ्या वस्तीवर नांगर फिरला आणि मेहुणीच्या लग्नाचे फोटो गेले. त्यात मी फार वाईट दिसत होतो असं सगळे म्हणायचे, त्यामुळे पुरावाच नष्ट झाला.

खरी अडचण होती ती रीस्टार्टनं सांगितली तीच. मशीन सुरू झालं की पहिली काही सेकंदं ते मुकं असतं. बोलणारं जे काही आहे ते नंतर जागं होतं. पण आमच्यासारख्यांचा फोनवर एक कट्टा आहे. तिथे लोक एकमेकांना मोजणी देतात. अमक्या कंपनीचा डबा असेल तर सुरू करताच वरच्या रांगेतलं शेवटचं बटण टकटक दाबत राहा, मग पाच मोज, बाण खाली दोनदा, एंटर. बघणाऱ्याला जे वाचावं लागतं, ते आम्हाला पाठ असतं.

शुक्रवारी सकाळी आधी ऑफिसच्या सिस्टिममध्ये शिरून डिस्कची वाटणी केली. थोरल्याच्या वाट्यातली थोडी जागा कापून धाकट्यासाठी मोकळी ठेवली. मग माझी सिस्टिम भरलेला पेन ड्राइव्ह खुपसला, मशीन बंद करून चालू केलं, टकटक, पाच मोजले, खाली, खाली, एंटर.

ऑफिसच्या सिस्टिमचं स्वागतगीत वाजलं.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी हात मागे घेतले आणि विचार केला, मोजणी बरोबर आहे, मग रांगेत कोण घुसलंय? मशीनच्या मागून हात फिरवला. हाडांच्या डॉक्टरांचा रेकॉर्डर! सकाळी लावून ठेवला होता. मशीन त्यालाही डिस्क समजून रांगेत उभं करत होतं. म्हणजे मी मोजत होतो दोन आणि रांग झाली होती तीनची. रेकॉर्डर उपटला, पेडल उपटलं, प्रिंटर उपटला. पाहुणे सगळे घराबाहेर.

टकटक, पाच, खाली, खाली, एंटर.

टुंक!

बस, एवढाच आवाज. पण त्याचा अर्थ, मी दारात उभा आहे. एक अक्षर दाबलं, एंटर केलं, आणि थोड्या वेळानं पिंपात बसलेल्या माणसासारखा आवाज बोलायला लागला. भाषा कोणती? कीबोर्ड कोणता? घड्याळ कुठलं? मी आकडे दाबत उत्तरं देत सुटलो. असा खूश होतो, की शिट्टी वाजवत होतो.

मग तो प्रश्न आला. डिस्क कशी वापरायची. याच प्रश्नात मेहुणीचं लग्न बुडालं होतं. एक पर्याय म्हणतो मोकळी जागा घ्या, दुसरा म्हणतो सगळी डिस्क पुसा. पिंपातला माणूस म्हणाला, “डिस्कची विभागणी क—”

आणि गप्प झाला.

“काका, बाहेर पेशंट बसलेत.” रीस्टार्टचा आवाज, माझ्या खांद्यामागून. “केवढी किरकिर ही! स्पीकर मी ठेवतो माझ्याकडे. पाचनंतर घेऊन जा.”

“अरे, ठेव तो! अर्ध्यात आहे मी!”

“स्क्रीन चालू आहे ना? मग झालं तर,” असं म्हणून तो बुटांचे रबरी तळवे चुकचुकवत निघूनही गेला.

माझे इयरफोन पेडलच्या पेटीला जोडलेले, मशीनच्या भोकात ते बसत नाहीत. म्हणजे मी एका प्रश्नासमोर बसलोय, कुठला पर्याय कितव्या नंबरवर ते ऐकलेलं नाही, आणि घरच्या मशीनवरचा नंबर इथे तोच असेल याची खात्री नाही. एक चुकीचा आकडा, एक एंटर, आणि पाच वर्षांचे अहवाल गेले. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो, चुकून बोट लागायला नको.

बाहेर घड्याळात साडेबारा वाजले. शेजारच्या खोलीत कुणीतरी डबा उघडला.

रीस्टार्ट साडेबाराला जेवायला जातो. एक मिनिट उशीर करत नाही. सगळ्या कामांत त्याचा तेवढाच एक गुण.

मी उठलो. माझ्या दारापासून त्याच्या दारापर्यंत एक्केचाळीस पावलं, डावीकडे पाण्याचं मशीन गुरगुरतं, तिथून पुढचं दार. आत कुणी नव्हतं. स्पीकर शोधत बसलो नाही, कुठल्या कपाटात कोंबला असेल देव जाणे. त्याच्या स्क्रीनच्या पाठीमागे हात घातला, वायर दोन्ही बाजूंनी काढली, गुंडाळली आणि डॉक्टर लोक छाती तपासायची नळी अडकवतात तशी गळ्यात अडकवून परत आलो. शांतपणे जेवलो.

सव्वा वाजता आरडाओरडा. “माझा स्क्रीन गेला!” मग पळापळ. मग बाईंचा आवाज, “दाखल पेशंटांची यादी मला आत्ता हवीय, काय झालंय?” मी माझ्या दारातून ओरडलो, “रीस्टार्ट करून बघ!”

“केलं ना तीनदा!” तो रडकुंडीला आला होता. मग त्यानं मागे वाकून बघितलं असणार, कारण चुकचुक थेट माझ्याकडे आली. त्याच्यामागे बाईंच्या टाचा.

“बाई, ही बघा वायर! यांच्या गळ्यात! काका, काय पोरकटपणा हा? माझं सगळं काम बंद पडलंय!”

“का रे? मशीन चालू आहे की. कीबोर्ड आहे, माऊस आहे. फक्त दिसत नाही.”

“न बघता कसं काम करणार मी?”

“बाहेर पेशंट बसलेत. तुझ्या स्क्रीनचा उजेड त्यांच्या डोळ्यांवर येत होता. पाचनंतर घेऊन जा.”

मग बाईंनी नाकातून काहीतरी आवाज काढला. हसू दाबल्याचा होता, मी शपथेवर सांगतो.

“यांचा स्पीकर कुठाय?” बाईंनी विचारलं.

“तो... कपाटात ठेवलाय. किरकिर होत होती.”

“बाई,” मी म्हणालो, “यानं माझा आवाज काढून घेतला तेव्हा तुम्हाला कुणी बोलावून आणलं नाही. याचा पडदा गेला तर पाच मिनिटांत तुम्ही हजर. मी कामाला असमर्थ म्हणून पत्र निघतं. हा वायरीवाचून पांगळा झाला, त्याला कुठल्या खिडकीवर पाठवताय?”

“आवाज चढवू नका.”

“चढवायला ठेवलाय कुठे यानं?”

बाई माझ्या स्क्रीनजवळ सरकल्या. अत्तराचा वास आला. त्या वाचायला लागल्या, “इथे तर लिहिलंय, पहिला पर्याय—”

“नको बाई!” मी कानांवर हात ठेवले. “एक अक्षर सांगू नका. कुणाचे डोळे नकोत, असं ठरलंय आपलं.”

त्या थांबल्या. मग अगदी खालच्या पट्टीत म्हणाल्या, “जा, स्पीकर घेऊन या यांचा.” तळवे गेले, तळवे आले. मी एका हातानं स्पीकर घेतला आणि दुसऱ्या हातानं वायर दिली.

स्पीकर लावून मी मशीनला एक पायरी मागे घेतलं. पिंपातला माणूस पुन्हा सुरू झाला. पहिला पर्याय, सगळी डिस्क. तिसरा पर्याय, मोकळी जागा. घरी मोकळी जागा पहिल्या नंबरवर होती! घरच्या भरवशावर बोट दाबलं असतं, तर आज हे लिहायच्या ऐवजी टेलिफोन उचलत असतो.

तीन. एंटर.

बाकीचं काम मग सरळ होतं. चार वाजता दोन्ही बिऱ्हाडं राहायला आली. उरलेल्या वेळात मी दारावरच्या रखवालदाराला, म्हणजे त्या मुक्या मेनूला, शिट्टी वाजवायला शिकवलं. जुन्या डब्याच्या पोटात वाटाण्याएवढा एक स्पीकर असतो, त्याला कुणी काही विचारत नाही. त्याला मी तीन सूर दिले. आपण वाटेवरून जाणाऱ्या मित्राला मारतो ना, तशी शिट्टी.

पावणेपाचला बाई आल्या. हातात कागद फडफडत होता. मागे चुकचुक.

मी मशीन बंद करून चालू केलं. डब्यातून शिट्टी आली.

“हे काय वाजलं?”

“रखवालदार. विचारतोय, कुणाकडे जायचंय? गप्प बसलो तर माझ्या घरी नेतो. खाली दोनदा केलं तर तुमच्या घरी.”

खाली, खाली, एंटर. ऑफिसचं स्वागतगीत वाजलं. त्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

“अहवाल?” बाई म्हणाल्या.

पाचही वर्षांचे उघडून दाखवले. रीस्टार्टनं वाकून वाकून आकडे मोजले आणि कुजबुजला, “सगळे आहेत.” मग मी पुन्हा शिट्टी वाजवून माझ्या घरी गेलो, पेडल जोडलं, हाडांच्या डॉक्टरांना कानात घेतलं आणि बाईंसमोर एक पान दोन मिनिटांत उतरवलं.

बाईंच्या हातातला कागद फाटला. एकदा, मग आडवा एकदा.

“याची फाइल असेल ना मशीनमध्ये?” त्या म्हणाल्या. “तीही पुसून टाका.”

“नाही बाई,” मी म्हणालो. “ती राहणार. ऑफिसची एकही फाइल जाता कामा नये, असं तुम्हीच सांगितलंय.”