बरणीतलं विरजण

तिहानाने व्हिनेगरची तिसरी बाटली बरणीत उपडी केली, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली आणि मग लंगोटांच्या पिशवीत अगदी तळाशी दडपली. वरच्या खोलीत रोको कुरकुरत होता. तळघराच्या पायऱ्यांवर सासूची पावलं वाजायला अजून दहाएक मिनिटं होती. तिने बरणीत नाक घातलं. आंबट वास तर आंबटच असतो, तिने स्वतःला सांगितलं. मग पुन्हा एकदा हुंगून पाहिलं.

मार्चमध्ये रोकोला तीन दिवस ताप होता. त्या तीन दिवसांत तिने घरातलं उकळता येईल ते उकळलं, पुसता येईल ते पुसलं, आणि चौथ्या दिवशी तळघरातल्या या मातीच्या बरणीत डोकावली. आत व्हिनेगरवर सायीसारखा, पण जाड आणि बुळबुळीत थर तरंगत होता. तिच्या माहेरी, ओसियेकला, व्हिनेगर दुकानातून बाटलीत यायचं आणि त्यात असलं काही नसायचं. तिने सगळं अंजिराच्या मुळाशी ओतलं, बरणी सोड्याने घासली आणि दोन दिवस उन्हात पालथी घातली. बाळाच्या घरात बुरशी नको.

मेमध्ये विंका, तिची सासू, सहज बोलता बोलता म्हणाली की बरणीतलं ते विरजण, तो सायीसारखा थर, तिच्या आईने तिला लग्नात दिलं होतं, आणि आईला तिच्या आईने. जेवणानंतर उरलेली वाईन त्यात ओतत राहायची, की ते जगतं आणि वाईनचं व्हिनेगर करतं. दोन घरांत ठेवलं तर दोन्हीकडे रुसतं, अशी त्यांच्याकडची समजूत. म्हणून मुलाच्या, टोंचीच्या लग्नानंतर विंकाने बरणी सुनेच्या तळघरात आणून ठेवली आणि स्वतःकडे थेंबही ठेवला नाही. हे ऐकताना तिहाना रोकोची झबली आवरत होती. एकाच झबल्याची घडी तिने तीनदा घातली.

आज शुक्रवार. रविवारी रोकोचा बाप्तिस्मा, आणि बाप्तिस्म्याला पाश्तित्सादा, व्हिनेगरात मुरवून शिजवलेलं गोमांस, हवीच.

विंका आली ती नेहमीसारखी स्वतःची सुरी घेऊन. बोटाएवढ्या रुंदीची, लांब पात्याची, निळ्या चौकड्यांच्या फडक्यात गुंडाळलेली. ही सुरी ती कुणाच्या हातात देत नसे आणि कुणाच्या घरी विसरत नसे. या बेटावर गेल्या चाळीस वर्षांत तिच्या पातेल्याशिवाय लग्न लागलं नव्हतं. तिने गोमांसाच्या तुकड्याला खोल भोकं पाडली, एकेका भोकात लसणाची पाकळी आणि खारवलेल्या चरबीची काडी अंगठ्याने आत सारली. पुतणीच्या, नेवेन्काच्या मुलीच्या लग्नाबद्दल ती बोलत होती. सप्टेंबरमध्ये, दोनशे पानं. मोठी पातेली आत्ताच सांगून ठेवायला हवीत.

मग तिने बरणीत पळी बुडवली आणि थांबली. करंगळी ओली करून जिभेला लावली. बरणी जरा खिडकीकडे कलती करून आत पाहिलं.

“बरणी लख्ख घासलीस गं.”

“धूळ बसली होती, आई.”

“हं. धूळ बसतेच.”

तिने मांसावर पळी रिकामी केली. दुसरी घेतली. तिसरी घेण्याआधी बरणीत पुन्हा एकदा पाहिलं.

शनिवारी सांगू, असं तिहानाने ठरवलं. शनिवारी स्वयंपाकघर पाहुण्यांनी भरलं होतं. मांस शिजत होतं आणि विंका रश्शात प्रोशेक, ती गोड वाईन, वाढवत होती, सुकी आलुबुखारं वाढवत होती, चाखत होती, पुन्हा वाढवत होती. इतक्या वेळा चाखताना तिहानाने तिला कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी टेबलाशी वीस माणसं होती. न्योकी, बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, वाढून झाले, त्यांवर मांसाचे काप आणि दाट रस्सा आला. टोंचीचे शिमेकाका पावाचा तुकडा रश्शात बुडवून तोंडात टाकून गप्प बसले, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना कळलं.

“विंके,” ते म्हणाले, “आज हात कुठे गहाण टाकलास?”

लोक हसले. विंकाही हसली.

“म्हातारी झाले रे शिमे. माणसाच्या आधी जीभ म्हातारी होते.”

नेवेन्का टोंचीची चुलतबहीण, तिला काकूंना वाईट वाटू द्यायचं नव्हतं. गोड आवाजात तिने सांगितलं की सप्टेंबरचं जेवण स्प्लिट शहरातल्या हॉटेलवाल्यांना द्यावं असं घरात चाललंय. दोनशे माणसांची दगदग काकूंनी या वयात कशाला करायची. विंकाने मान हलवली. बरोबरच आहे, म्हणाली.

तिहानाने काटा खाली ठेवला. रोको तिच्या मांडीवर होता. तिने तोंड उघडलं.

“पोराच्या ओठाला लागलंय बघ,” टेबलापलीकडून विंका म्हणाली. ती तिहानाकडेच पाहत होती.

रोकोच्या ओठाला काही लागलं नव्हतं. तिहानाने रुमाल घेतला आणि तो कोरडा, स्वच्छ ओठ पुसला. पुसतच राहिली. तोवर बोलणं बोटींच्या वेळापत्रकावर गेलं होतं.

पाहुणे पाच वाजताच्या बोटीने गेले. विंका त्यांच्याबरोबर धक्क्यापर्यंत म्हणून उतरली आणि तिथून आपल्या घरी गेली. तिहानाने रोकोला टोंचीकडे दिलं आणि बाटल्या फेकायला म्हणून लंगोटांची पिशवी उघडली. रविवारी सकाळी तिथे तीन होत्या. आता पिशवीत फक्त लंगोट होते, नीट घडी घातलेले.

ती तळघरात उतरली. दुकानातलं व्हिनेगर ओतून टाकलेलं होतं. तिन्ही रिकाम्या बाटल्या भिंतीशी ओळीने उभ्या होत्या. बरणीच्या तोंडावर निळ्या चौकड्यांचं फडकं ताणून बांधलेलं होतं आणि शेजारी फळीवर, पातं भिंतीकडे करून, सुरी ठेवलेली होती.

तिने फडक्याची गाठ सोडली. आत आज पेल्यांत उरलेली लाल वाईन होती, अर्ध्या बरणीपर्यंत. ती वाकून बराच वेळ पाहत राहिली. वर कसलाच थर धरला नव्हता. वास नुसता वाईनचा होता.