फाटका खिसा

आमच्या लाइनच्या कामात एक नियम आहे. जो खांबावर चढणार, वीज तोडायला पेटीतून काढलेले फ्यूज त्याच्याच खिशात. त्या दिवशी माझा मेव्हणा चढणार होता, पण त्याचा खिसा फाटलेला. "दाजी, तुम्हीच काढा आणि तुमच्याकडे ठेवा," तो म्हणाला, आणि मी बावळटासारखा हो म्हणालो. बावीस वर्षं तारा ओढून अक्कल ही एवढी!

वर दोन तारा जोडून तो तिसरीकडे सरकत होता. मी सहज खिसा चाचपला. दोनच फ्यूज, तीन तारांचे तीन हवे होते. दुसऱ्या खिशात रुमाल आणि किल्ल्या.

मग आठवलं. दोन फ्यूज काढले, तेवढ्यात बायकोचा फोन आला आणि बोलता बोलता मी पेटीचं दार लावून टाकलं. तिसरी तार जिवंत होती. टेस्टर त्याच्या पट्ट्यालाच होता, पण दाजींनी फ्यूज काढलेत म्हटल्यावर तो कशाला लावतोय?

पेटी गल्लीच्या टोकाला. तिथवर पळेपर्यंत खेळ खलास. ओरडावं, तर वरचा माणूस दचकतो आणि दचकला की हाताला लागेल ते धरतो. इतका मी जन्मात घाबरलो नव्हतो. तरी जमेल तितक्या रोजच्या आवाजात म्हणालो, "अरे, तुझ्या ताईचा फोन आहे."

"सांगा, हात कामात आहेत."

"सांगितलं. म्हणते, आत्ताच्या आत्ता."

ताईपुढे त्याचं काही चालत नाही. पुढे गेलेला हात त्याने मागे घेतला आणि पुटपुटत खाली उतरला.

"द्या फोन."

मी तळहात उघडला. दोन फ्यूज. तो त्यांच्याकडे बघतच राहिला. मग पेटीकडे गेला, तिसरा काढून आणला, तिन्ही रुमालात बांधून शर्टात पोटाशी खोचले आणि पुन्हा चढला.

संध्याकाळी घरी त्याची पँट मी बायकोपुढे टाकली. "खिसा शिव."

"उद्या शिवते. एवढी कसली घाई?"

मी स्वतःच सुई-दोरा घेतला. दोरा काही नेढ्यातून जाईना.

"द्या दाजी, मी ओवतो," मेव्हणा म्हणाला. त्याने सुई घेतली. त्याचाही दोरा नेढ्याला चुकत राहिला.