दोन लेकरांचे कागद

मित्रांनो, मी पोलीस चौकीच्या ओसरीतला एक जुना बाक आहे. हल्ली मला सारखी पेंग येते. पेंगेत जुनी माणसं येतात, माझ्यावर टेकतात आणि उठून जातात. त्यातल्या दोन आयांची हकीकत तुम्हाला सांगतो.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर दुसऱ्या वर्षी औरंगाबादच्या छावणीतल्या एका सुतारानं मला सागाच्या फळ्यांपासून घडवलं. बैलगाडीत बसून मी दौलताबादच्या पलीकडच्या एका गावी आलो. गावाचं नाव सांगत नाही. लोक माझ्यावरून हात फिरवत आणि म्हणत, "लई गुळगुळीत हाय!" मला फार बरं वाटे.

बारा वर्षं अशीच गेली. मग एका हिवाळ्यात गावातले बडे जमीनदार तात्यासाहेब यांची आठ वर्षांची नात चंद्रकला हरवली. दुसऱ्या दिवशी ती ज्वारीच्या शेतात सापडली. कुणीतरी तिच्या पायातले चांदीचे वाळे काढून घेतले होते आणि तिचा जीवही घेतला होता. तिची आई आशाबाई माझ्यावर येऊन बसली. ती रडली नाही. नखानं माझं लाकूड खरवडत राहिली. औरंगाबादहून जीप आली, फौजदार आले. गावातल्या एकेकाला ओसरीत बोलावून विचारलं. नवव्या दिवशी वाळे विकायला गेलेला माणूस सापडला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात बिरू गेला. तो मेंढरं राखणाऱ्या बानाबाईचा नऊ वर्षांचा मुलगा. ओढ्यातल्या खडकांवर तो पडलेला दिसला. डोक्याला मार होता. जीप आली नाही. तेव्हाच्या जमादारांनी उभ्या उभ्या लिहिलं, की पाय घसरून पडला.

बानाबाई दर बाजारच्या दिवशी येऊन माझ्या टोकाला बसू लागली. तिच्या लुगड्याला लोकरीचा वास यायचा. कुणी बोलत नसे. ऊन माझ्यावरून हळूहळू सरकायचं, मग ती उठायची. तिचा नवरा मुंजाबा कळप घेऊन दूर चाऱ्याला गेला, पण ती मागंच राहिली. असं दीड वर्ष झालं. त्या दुपारी आम्ही दोघं किती गप्प असायचो! मला कधी कधी वाटायचं, की ती माझ्याच लाकडातून उगवली आहे.

मग रामकिसन नावाचे नवे जमादार आले. एक दिवस आशाबाई चंद्रकलेचे वाळे परत न्यायला आली. खटला संपला होता. बानाबाईला पाहून ती थबकली.

"तू इथं कशापायी गं?"

"बिरूच्या कागदापायी, बाई. पोरगं वाऱ्यासारखं खडकावरनं पळायचं. त्यो पडंल कसा? अन् त्या दिवशी दोन मेंढरं बी गेली."

आशाबाई माझ्यावर तिच्याजवळ बसली आणि जमादारांना म्हणाली, "माझ्या लेकीसाठी गावातल्या लहानथोरांना विचारलं. ओढ्याकाठच्या सरूबाईला तर तीनदा. ह्या लेकरासाठी कुणाला विचारलं?"

रामकिसन आत गेले. त्यांनी दोन्ही मुलांचे कागद आणून माझ्यावर शेजारी शेजारी ठेवले. एकाचं ओझं मला जाणवलं. दुसऱ्याचं जाणवलंच नाही. चंद्रकलेच्या कागदांत एकेचाळीस जबाब होते. बिरूच्या एकमेव कागदावर तीन ओळी होत्या आणि त्यात त्याचं नावही नव्हतं. 'मेंढक्याचं पोर' एवढंच लिहिलं होतं. जमादारांनी बानाबाईला मुलाचं पुरं नाव विचारलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सरूबाईला बोलावलं. ती ओढ्याकाठी शेण वेचायची.

"आजी, बिरू गेला त्या दिवशी काय दिसलं तुम्हाला?"

"दिसलं की. पलीकडल्या वाडीचा एक गडी दोन मेंढरं दोरीनं वढीत न्हेत व्हता. पोरगं त्याच्यामागं वरडत पळत व्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

"मला कुणी इचारलंच नाय, बाबा."

सरूबाईनं ओळखून दाखवलेल्या त्या माणसाच्या गोठ्यात बानाबाईच्या कळपाची खूण असलेली एक मेंढी अजून होती. त्यानं चोरी कबूल केली, मग सारंच कबूल केलं. बिरूनं त्याला ओळखलं होतं, म्हणून त्यानं दगड उचलला होता. पुढं वर्षभरानं त्याला शिक्षा झाली. रामकिसननी ओसरीत येऊन निकाल बानाबाईला सांगितला. प्रत्येक वेळी 'बिरू मुंजाबा' असं पुरं नाव घेत त्यांनी तो सांगितला.

तिनं लुगड्याचा पदर डोक्यावर सारखा केला. मग हळूच म्हणाली, "आता जाऊ का मी?"

"जा, बाई."

रस्त्यावर मुंजाबा कळप घेऊन उभा होता. ती उठली आणि मेंढरांत शिरली. पिवळी धूळ उडाली, माझ्या अंगावर बसली, आणि त्या धुळीत ती दिसेनाशी झाली.

मित्रांनो, आता माझा एक पाय मोडला आहे. तो जोडून द्या म्हणून मी हट्ट धरत नाही. पण चौकीच्या, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या ओसरीत कुणी एकटंच गप्प बसलेलं दिसलं, तर जरा त्याच्याजवळ टेका. काय झालं ते विचारा, आणि त्याचं सगळं सांगून होईपर्यंत उठू नका.