चारशे लग्नांची ठेव

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. सध्या माझा मुक्काम बसरा शहरातल्या एका स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहे. माझ्या एका बाजूला सुक्या लिंबांची बरणी आहे आणि दुसऱ्या बाजूला पितळी खलबत्ता. खलबत्ता कशासाठी काढला आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. त्याआधी थोडा वेळ हाताशी आहे, तर माझी हकिकत सांगून टाकते.

माझा जन्म थायलंडमधल्या एका कारखान्यात झाला. धुळीचा एक कण आत शिरला तरी आमचा निकाल लागतो, म्हणून तिथल्या बायका डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत झाकलेल्या असत. फक्त डोळे दिसत. त्यांनी माझ्या पोटात आरशासारख्या दोन गोल थाळ्या बसवल्या, त्यांवरून फिरणारा एक बारीक हात बसवला आणि झाकण घट्ट आवळलं. पुढे बसऱ्याला आले तर इथल्याही बायका झाकलेल्याच. पण त्या घरात शिरल्या, दारावरचा पडदा पडला, की अबाया काढून खुंटीला लावत, आणि मग त्यांच्या हसण्याला काही धरबंध राहत नसे.

अबू लैसच्या दुकानात मी आठ महिने काचेच्या कपाटात पडून होते. अबू लैस म्हणजे जाड चष्म्याचा, थंड डोक्याचा माणूस. गिऱ्हाइकाला खोटं सांगत नसे, पण खरं सांगायलाही फार वेळ लावत असे. एके दिवशी खुलूद तिच्या नवऱ्याबरोबर दुकानात आली. नवरा कामिल शाळेत भूगोल शिकवायचा. खुलूद लग्नांचे फोटो काढायची, तेही फक्त बायकांच्या मैफलीचे, जिथं पुरुषांना मज्जाव असतो. बाजारात तिला उम्म यासिर म्हणत, म्हणजे यासिरची आई, आणि कामिलला अबू यासिर.

अबू लैस सगळी माहिती कामिलला देत होता आणि कामिल काही न कळता मान डोलावत होता. प्रश्न मात्र खुलूदच विचारत होती. आमच्या उन्हाळ्यात ही टिकेल का, असं तिनं विचारलं.

"उम्म यासिर, बसऱ्याच्या उन्हाळ्यात मीच टिकत नाही. तिची काय हमी देऊ?" अबू लैस म्हणाला.

मग त्यानं तिला पर्समध्ये मावेल अशी एक नाजूक डिस्क दाखवली. कॉम्प्युटरला बाहेरून वायरीनं जोडायची, काम झालं की काढून ठेवायची. खुलूदनं ती बाजूला सारली.

"बाहेर लोंबणारी नको. ती कुणीही खिशात घालून नेईल. मला आतली द्या, कॉम्प्युटरच्या पेटीत आवळून बसणारी. माझ्याकडे लोकांच्या लेकी असतात."

ते ऐकलं आणि मला माझी किंमत प्रथमच कळली. मी काही साधंसुधं सामान नव्हते. घरी आल्यावर तिनं मला स्वतःच्या हातानं पेटीत बसवलं. त्याआधी माझ्या झाकणाच्या प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा एकेक थेंब टाकला. कामिलनं चेष्टा केली, आता कॉम्प्युटरलाही नटवणार का म्हणून. ती म्हणाली, कुणी उघडायला गेलं तर रंग तडकेल आणि मला कळेल.

मग सुरू झाली माझी कामाची सात वर्षं. चारशे लग्नं माझ्या पोटात येऊन गेली. मेंदीनं रंगलेले हात, मोकळे सोडलेले केस, गुडघे दुखतात म्हणून रडगाणं गाणाऱ्या आज्यांनी ढोलकीवर धरलेला ताल, सगळं मी पाहिलं. आमच्या गल्लीत सरकारी वीज दिवसातून सहा-सात वेळा जाते आणि मग जनरेटरची येते. मधल्या त्या क्षणात माझा हात दचकून मागे यायचा, जिन्यात पाय चुकल्यासारखा. तरी मी एकही फोटो हरवला नाही. संध्याकाळी खुलूद पेटीवर थाप मारून म्हणायची, "ही आमची तिजोरी."

लग्नाच्या मुली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. तिचा एक रिवाज होता. अल्बम तयार झाला की नवरी क्लैचे, म्हणजे खजूर भरलेली बिस्किटं, घेऊन यायची. चहा व्हायचा. मग खुलूद तिला माझ्यासमोर बसवून म्हणायची, "आता तुझ्या हातानं पूस. उद्या कुणी म्हणायला नको, खालानं एखादा फोटो ठेवून घेतला." नवरी बटण दाबायची, पडदा कोरा व्हायचा आणि दोघी निश्चिंत मनानं दुसरा चहा घ्यायच्या. या एका रिवाजावर खुलूदचं नाव उभं होतं. गावातले कडक स्वभावाचे बाप आणि भाऊसुद्धा म्हणत, तिच्याकडे द्या, तिथून काही बाहेर जात नाही.

आणि इथंच माझं दुःख होतं, मित्रांनो. पुसलं म्हणजे गेलं असं नसतं. गुरुजींनी हजेरीपटातलं नाव खोडलं तरी मूल बाकावरच बसलेलं असतं, तसं आमचं आहे. त्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसेपर्यंत पहिलं तिथंच राहतं, आणि माझ्याकडे जागा भरपूर होती. त्या पोरी हसतमुखानं घरी जात आणि मला ओरडून सांगावंसं वाटे की बायांनो, तुम्ही इथंच आहात. पण आम्हाला तोंड कुठे असतं?

सातव्या उन्हाळ्यात मी थकले. आतून टकटक आवाज येऊ लागला. फोटो उघडायला वेळ लागे आणि खुलूद पेटीवर थाप मारण्याऐवजी कपाळावर मारून घेई. नवी डिस्क घ्यायचं ठरलं. अर्धवट राहिलेली कामं तिनं उतरवून घेतली, मला फॉरमॅट केलं, म्हणजे तिच्या समजुतीनं धुऊन पुसून लख्ख केलं, आणि पेटीतून काढलं. तो गुरुवार होता. तिला एका लग्नाला जायचं होतं, म्हणून तिनं कामिलला बाजारात पाठवलं. नमुना असावा म्हणून मला बरोबर दिलं.

कामिलला घासाघीस करायची हौस फार आणि जमायची कमी. नवीच्या किमतीत काही सूट मिळेना, तेव्हा त्यानं मलाच गल्ल्यावर ठेवलं. ही जुनी घ्या आणि थोडे कमी करा, म्हणाला. अबू लैसनं मला उचललं, लाल ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग दहा हजार दिनार कमी केले. कामिल मोठा गड जिंकल्यासारखा निघून गेला.

मला पुढचं सगळं दिसू लागलं. त्या दुकानात जुन्या डिस्क नव्या पेट्यांत बसवून विकल्या जातात हे मी कपाटातून रोज पाहिलं होतं. मी कुणाच्या तरी घरी जाणार, तिथं कुणी उद्योगी माणूस माझं पोट खरवडणार आणि चारशे घरांतल्या लेकी चव्हाट्यावर येणार. मग खुलूदला या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. पण अबू लैसनं मला जुन्यांच्या खोक्यात टाकलं नाही. त्यानं मला खणात ठेवून कुलूप लावलं.

शनिवारी दुपारी बाजार जेवायला पांगला तेव्हा त्यानं मला बाहेर काढलं आणि एक वायर माझ्यात खोचली. दुसरं टोक त्याच्या हातात होतं. ते कॉम्प्युटरला लावलं असतं तर मी बोलू लागले असते. तो तसाच बसून राहिला. समोरचा डबा उघडलाही नव्हता, भात गार होत होता. एकदा त्यानं चष्मा काढून पुसला. मग वायर काढली आणि मला पुन्हा खणात ठेवलं. असं त्यानं का केलं ते मला दुसऱ्या दिवशी समजलं.

इकडे घरी काय झालं ते मी नंतर नवराबायकोच्या बोलण्यातून ऐकलं. त्याच शनिवारी सुंदुस नावाची नवरी क्लैचे घेऊन आली होती. ती विद्यापीठात कॉम्प्युटर शिकते. नव्या डिस्कवरचे तिचे फोटो पुसायची वेळ आली तेव्हा ती सहज म्हणाली, "खाला, असं पुसून काही होत नाही. आमच्या सरांनी वर्गात पुसलेलं सगळं परत काढून दाखवलं होतं." खुलूदच्या हातातला चहाचा ट्रे तिथल्या तिथं थांबला. जुनी कुठे आहे, असं तिनं कामिलला विचारलं आणि कामिलनं अभिमानानं दहा हजारांची गोष्ट सांगितली. त्यानंतर त्या घरात बराच वेळ कुणी जेवलं नाही.

रविवारी सकाळी दोघं दुकानात निघाले. वाटेत कामिलनं तिला बजावलं, उघड मागायला गेलीस तर त्याला कळेल की यात काहीतरी आहे. म्हणून खुलूदनं बहाणा केला. शिवणकामातल्या टाचण्या गोळा करायला लोहचुंबक हवंय, जुन्या डिस्कमध्ये चांगलं असतं म्हणतात, एखादी बघू का? आणि उत्तराची वाट न पाहता ती खोक्यापुढे फरशीवर बसली. एकेक डिस्क उलटून पाहू लागली. मी हातभर अंतरावर खणात होते आणि मला हाक मारता येत नव्हती.

"उठा, उम्म यासिर," अबू लैस म्हणाला. "तुमची त्यात नाही."

त्यानं खण उघडला आणि मला तिच्यापुढे ठेवलं. तिनं आधी ठिपके मोजले. एकही तडकला नव्हता.

"मग घेतलीत कशाला?" तिनं विचारलं. "परत का नाही पाठवली?"

"नाही म्हटलं असतं तर अबू यासिर पलीकडच्या दुकानात गेले असते." तो मान खाली घालून बोलत होता. "माझ्या रुबाच्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढले होते. त्यांना काय सांगू, यात माझी मुलगी नाचतेय म्हणून?"

कामिल दाराबाहेर जाऊन उभा राहिला. रुबा लग्न होऊन स्वीडनला गेली होती. चार वर्षांत तिला एकदाही यायला जमलं नव्हतं. त्या मैफलीत ती कशी दिसली, कशी हसली, हे तिच्या बापानं कधीच पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या पोटात होतं.

खुलूदनं हळू आवाजात विचारलं, "तिचा एखादा फोटो काढून देऊ?"

अबू लैसनं उघडा खण हळूच लोटून बंद केला. मग विचारलं, "तिनं स्वतःच्या हातानं पुसलं होतं ना?"

"हो."

"मग राहू द्या."

त्यानं पैसे घेतले नाहीत. उलट माझ्या स्क्रूंना बसेल असा एक पेचकस तिच्या हातात दिला आणि सांगितलं की आतल्या थाळ्या पार वाकवा, तोपर्यंत भरवसा नाही. फोडण्याचा हक्क आपला नाही म्हणून थांबलो होतो, असंही म्हणाला. निघताना खुलूदनं त्याच्यासाठी मनापासून दुवा मागितली. तिला रडू येत होतं आणि तिनं ते लपवलं नाही.

मित्रांनो, आम्हाला धुळीपासून जपा, उन्हापासून जपा, विजेच्या लपंडावापासून जपा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. आम्हाला विसरता येत नाही, हे तुम्ही विसरू नका. ज्यांनी विश्वासानं स्वतःला आमच्या हवाली केलं, त्यांच्यासाठी काम संपल्यावर आम्हाला मोडून टाका. ठेव सांभाळणं म्हणजे कधीकधी तेही असतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरं सांगायचं तर सात वर्षांत आज पहिल्यांदा हलकं वाटतंय.

खुलूद ओट्यापाशी आली आहे. लाल ठिपके एकेक करून तडकत आहेत. झाकण निघालं. कारखाना सोडल्यापासून प्रथमच मला उजेड दिसतो आहे, आणि वरची थाळी आरशासारखी लखलखते आहे. तिच्यात वाकून पाहणारी खुलूद दिसते. पांढरे झालेले केस, ओले डोळे, हातात बत्ता. चारशे लग्नं तिनं माझ्यात भरली, पण कॅमेऱ्यामागे उभी राहिल्यामुळे तिचा स्वतःचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. आज आला. आणि हा मात्र कुणालाही परत काढता येणार नाही.