सर्वांत समंजस कोण

नजमिया आत्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं माझ्या दोन्ही चुलतभावांनी काझींना वेगवेगळं लिहून दिलं. जन्मात पहिल्यांदा त्या दोघांचं एकमत झालं, आणि तेही असल्या गोष्टीवर!

आत्याला मूलबाळ नाही. त्रिपोलीतलं आपलं घर तिनं वक्फ करून ठेवलंय: विकायचं नाही, वाटून घ्यायचं नाही. खालच्या दुकानांच्या भाड्यातून डागडुजी, आणि वरच्या खोल्या घराण्यातल्या विधवा, घटस्फोटित मुलींसाठी. सध्या तिथे राहणारी घटस्फोटित मुलगी मी, विदाद. कारभार आत्याकडे, तिच्यानंतर भावांच्या वंशातल्या सर्वांत समंजस माणसाकडे. थोरल्या मुंजिरला वर लॉज काढायचं होतं. तो जिंकला असता तर माझी ट्रंक रस्त्यावर आली असती.

सुनावणीला मुंजिर उठला. "काझीसाहेब, शेजारची उम्म अदीब जाऊन चार वर्षं झाली. आत्या अजून दर ईदला तिच्या घरी मामूलच्या मिठाईचं ताट पाठवते. मेलेल्या बाईला!"

"उम्म अदीब मेली, तिचं दार मेलं का?" आत्या बसल्या जागेवरून कडाडली. "तिथे आता लढाईतून पळून होम्सहून आलेलं कुटुंब राहतं. पाच पोरं आहेत. पन्नास वर्षं त्या दारात ताट जातंय, ते मी का थांबवू? तू रोज तिथूनच जातोस ना रे? आत कोण राहतं ते तुला ठाऊक नाही. मग परिणाम कुणाच्या डोक्यावर झालाय?"

काझींना हसू आवरेना. "कारभार तुमच्याकडेच राहील," ते म्हणाले. "पण पुढचं नाव आजच सांगून टाका. सर्वांत समंजस मीच, असं दोघांनीही लिहून दिलंय."

"स्वतःच? मग दोघेही बाद. विदादचं लिहा."

मी उठून उभी राहिले. "आत्या, मला यातलं काय कळतं?"

"बघा, साहेब. एवढं म्हणायची अक्कल हिला एकटीलाच आहे."

बाहेर जिन्यावर मुंजिरनं मला गाठलं. त्याला सुनावायला माझ्याकडे खूप काही साठलं होतं.

"विदाद, मागची खोली रिकामी आहे ना?"

"का? लॉजचा बोर्ड लावायचाय?"

त्यानं मान खाली घातली. "माझी लमा काल सासर सोडून आली. तिचे दीर सकाळपासून माझ्या दारात तमाशा करतायत. आत्याच्या दारात यायची त्यांची छाती नाही. अजून घटस्फोट झालेला नाही, नियमात बसत नाही, कळतं मला."

मी आत्याकडे पाहिलं. ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती.

"माझ्याकडे काय बघतेस?" ती म्हणाली. "शिक आता."

तीन वर्षांपूर्वी मी त्या घरात आले, तेव्हा माझाही घटस्फोटाचा कागद व्हायचा होता. आत्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

"आजच घेऊन ये तिला," मी मुंजिरला म्हटलं. "आणि गादी तुझ्या घरची आण. चांगली जाड बघून."