जावईबापूंनी कोरा केलेला कॉम्प्युटर

वासरांत लंगडी गाय शहाणी, तसे सासरवाडीत जावईबापू कॉम्प्युटरचे इंजिनिअर. खरी नोकरी रंगाच्या कंपनीत, दुकानोदुकानी शेडकार्डं पोचवायची. पण लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा सासऱ्यांचा कॉम्प्युटर बंद पडला होता. यांनी टेबलाखाली वाकून निम्मा बाहेर आलेला प्लग भिंतीत दाबला आणि तो सुरू झाला. तिथेच सांगून टाकायचं, की बाबा, प्लग निघाला होता. पण सासूबाई "अगं बाई, हुशार आहेत हो!" म्हणाल्या आणि गृहस्थ विरघळले. "जरा पॉवरचा प्रॉब्लेम होता," एवढंच बोलले. म्हटलं तर खोटंही नव्हतं.

या रविवारी जेवणं झाल्यावर सासरे सहज म्हणाले, "हल्ली हा फार रडतखडत चालतो हो."

"जुना कचरा साठलाय, बाबा. सगळा पुसून नव्यानं भरतो. कोरा करकरीत!"

"दुपारच्या चहापर्यंत होईल ना? ढब्बू येतो."

ढब्बू म्हणजे सासऱ्यांचा शाळेपासूनचा दोस्त. राहायला दुसऱ्या गावी, मुलासुनेकडे. दर रविवारी चहानंतर दोघं या कॉम्प्युटरवरून बुद्धिबळ खेळत. खेळाचा प्रोग्राम जुनापुराणा, फोनवर न चालणारा, आणि त्यात एक अक्षर लिहायची सोय नाही, फक्त सोंगट्या हलायच्या. ढब्बूला तेच हवं होतं. एके काळी मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारणारा माणूस, पण अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि जीभ अडखळायला लागली. तेव्हापासून त्यानं फोन हातात धरला नव्हता. लाज वाटायची. त्याआधी दोघांनी थट्टेत ठरवलेलं होतं, की ज्या रविवारी आला नाहीस, त्या रविवारी गचकलास असं समजेन. हल्ली त्या थट्टेला कोणी हसत नसे.

"चहाच्या आधी उरकतो," जावईबापू म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुसणं छान झालं. पुसायला काय लागतं! बुद्धिबळाचा प्रोग्राम डिस्कच्या दुसऱ्या भागात होता, तो वाचला. जुनीच सिस्टिम नव्यानं बसली, पडदा निळाशार झाला, सासूबाईंनी कौतुकानं मान डोलावली. आणि मग जावईबापूंनी इंटरनेट उघडलं, तर कॉम्प्युटरला इंटरनेट ही काय चीज आहे तेच ठाऊक नाही. नेटवर्कच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला शिकवणारी फाइल, तीच पुसली गेली होती. ती मिळते कुठे? इंटरनेटवर. दोर विहिरीत टाकून बादली हातात घेऊन उभं राहावं, तसं झालं.

पुसायच्या आधी ही एक फाइल बाजूला काढून ठेवायची, हे शाळेतली पोरंही करतात. इंजिनिअरसाहेबांना ते सुचलं नाही, कारण त्यांना घाई होती कौतुकाची.

"काय झालं हो?" सासऱ्यांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही, बाबा. अपडेट होतंय."

फोनचंच इंटरनेट वायरीनं द्यावं म्हटलं, तर त्यासाठीही ड्रायव्हर हवा! बायकोनं ऑफिसचा लॅपटॉप आणला होता. त्यात बाहेरचं काही बसवायला बंदी, पण फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घेता येत होती. जावईबापूंनी खोक्यावरचं कंपनीचं नाव वाचून त्या कंपनीचा ड्रायव्हर उतरवला. कॉम्प्युटर म्हणाला, असलं कार्ड इथे नाही. खोकं एका कंपनीचं, आतलं कार्ड भलत्याच कंपनीचं! मग एक प्रोग्राम मिळाला, कुठलाही ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारा. तो मोठ्या ऐटीत सुरू झाला आणि म्हणाला, कृपया आधी इंटरनेट जोडा.

"मेल्या!" जावईबापू ओरडले.

"अपडेटला शिव्या देतोयस?" बायको दारात उभी होती. "अरे, बाबांनी चहा घेतलाय. नुसताच लाकडी पट मांडून बसलेत."

जावईबापूंनी पेनड्राइव्ह उपसून पुन्हा लॅपटॉपला लावला.

बाहेर सासूबाई सांगत होत्या, "अहो, ढब्बूंच्या घरच्या नंबरवर फोन करून टाका ना. सून उचलेल." सासऱ्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. "सगळे बाहेर गेले असतील. तो एकटा बसला असेल फोनकडे बघत. उचलायचा नाही तो," सासरे म्हणाले आणि गप्प झाले. एरवी हा माणूस जावयाला चिडवल्याशिवाय पाणी पीत नसे. आज एक टोमणा नाही. जावईबापूंना वाटलं, मारा हो एखादा टोमणा, ही शांतता सोसवत नाही.

शेवटी त्यांनी केलं ते, जे पहिल्यांदाच करायला हवं होतं. सेटिंगमध्ये पिवळी खूण लागलेल्या त्या बिननावाच्या कार्डाचा लांबलचक नंबर शोधला आणि लॅपटॉपवर टाइप केला. एक शून्य जास्त पडलं, प्रिंटरचा ड्रायव्हर आला. पुन्हा केला. या खेपेला बरोबर कार्ड मिळालं, पण फाइल हल्लीच्या सिस्टिमची निघाली, या म्हाताऱ्याला चालेना. पुन्हा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायलाही अंगण उरलं नव्हतं. आणखी एक फाइल बसायला लावली तेव्हा घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

एवढ्यात बाहेर फोन वाजला. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"हॅलो?"

पलीकडे नुसता श्वास. मग एक जाड, घसरणारा आवाज. "का... काड्या?"

काड्या हे सासऱ्यांचं शाळेतलं नाव.

"ढब्बू? अरे, तू बोलतोयस?"

"तु... तुमच्याकडनं फोन वाज... वाजला. मग तू आ... आला नाहीस." त्यानं धापा टाकत शब्द जुळवले. "मला वाटलं, कळवा... कळवायलाच फोन होता."

"आहे रे, मेल्या. जिता आहे अजून," सासरे म्हणाले आणि त्यांचाच आवाज चिरकला. "किती दिवसांनी बोललास! बोल ना. बोल."

"नी... नीट येत नाही."

"मला तरी कुठे नीट ऐकू येतं? बोल तू."

आतल्या खोलीत पडद्याच्या कोपऱ्यात छोटंसं चित्र लुकलुकलं. पिवळी खूण गेली होती. नेटवर्क जोडलं गेलं होतं. जावईबापू खुर्चीतून ताडकन उठले, "झालं!" म्हणायला तोंड उघडलं आणि दारापर्यंत धावले.

सासरे पटावर वाकून बसले होते. फोन वजिराशेजारी ठेवला होता आणि डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"काय जावईबापू? झालं का चालू?"

आयुष्यात पहिल्यांदा खरोखरचं काही दुरुस्त केलं होतं या गृहस्थानं. प्लग दाबून मिळालेलं नाव आज कष्टानं कमावलं होतं. सासूबाई बघत होत्या, बायको बघत होती.

"नाही, बाबा," जावईबापू म्हणाले. "मला नाही जमत हे. मला कधीच येत नव्हतं."

"ऐकलंस का रे ढब्बू? आमचा इंजिनिअर!" सासरे फोनवर ओरडले. पलीकडून खरखरतं, अडखळतं हसू आलं, आणि ते थांबेचना. "आता तोंडानंच सांग तुझी चाल. सांग, मी हलवतो."

"घो... घोडा," ढब्बू म्हणाला.

"कुठला? डावा की उजवा? घाई नाही, सावकाश सांग."

जावईबापू परत आत गेले, टेबलाखाली वाकले आणि नेटवर्कची वायर हळूच उपटून खिशात घातली.